उंबऱ्यावरची फळी

मंगळवारी दुपारी माझी बायको हॉस्पिटलमध्ये वारली. मुलगी तेव्हा रांगत होती. ती घरी आप्पांजवळ होती. मी फोन केला. आप्पांनी माग बंद केले.

आप्पा म्हणजे माझे वडील. आमचं घर बेळगावच्या खासबागेत आहे आणि मागच्या खोलीत चार पॉवरलूम आहेत. घरात त्यांना कोणी पॉवरलूम म्हणत नाही, माग म्हणतात. त्यांच्यावर साड्या निघतात. मी मागावर बसलो नाही. शिकलो आणि शहरातल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला लागलो. बायको निपाणीकडची, शेती असलेल्या घरातली. लग्न होऊन आली तेव्हा मागांच्या आवाजानं तिचं डोकं दुखायचं. कपाळाला फडकं बांधून ती स्वयंपाक करायची. मग एक दिवस फडकं सोडून ती मागाच्या खोलीत गेली आणि तुटलेला धागा कसा जोडायचा ते दाखवा म्हणून आप्पांपुढे उभी राहिली. पुढे दोन माग ती एकटी बघायला लागली. आलेल्या पाहुण्यांना आप्पा सांगायचे, "पोरगा पुस्तकात गेला आमचा, पर सून मागावर गावली. फिटंफाट झाली बगा." ती आतून ओरडायची, "पगार किती देताय ते पण सांगा की!"

तापाचं निमित्त झालं. त्याबद्दल इथं जास्त लिहिणं मला जमणार नाही.

सुतकात माग बंद होते. मुलगी झोपेना. बायका म्हणत, आई नाही म्हणून झोपत नाही, आणि तसं म्हणून रडत. ते खरंच होतं. पण जन्मल्यापासून तिनं शांत घर ऐकलेलंच नव्हतं, हेही होतं. ती डोळे मिटायची आणि घरात इतकी शांतता आहे म्हणून दचकून उघडायची. आप्पा एकदा हळूच म्हणाले, "एक माग नुस्ता फिरवू का रं? सूत न लावता?" कोणीतरी नाही म्हणालं. मग मी तिला खांद्यावर घेऊन गल्लीच्या टोकाला गेलो. तिथल्या घरात माग चालू होते. त्यांच्या भिंतीला मी पाठ टेकली. भिंत थरथरत होती. ती थरथर माझ्या पाठीतून तिच्या छातीत गेली असावी, कारण थोड्याच वेळात तिची मान माझ्या खांद्यावर पडली. आतले लोक मला ओळखत होते. कोणी बाहेर आलं नाही आणि कोणी मागही थांबवले नाहीत. त्या उपकाराबद्दल मी त्यांना अजून काही बोललेलो नाही.

दिवसकार्य झाल्यावर आप्पांनी माग चालू केले, चारातले दोनच. मी कामावर जायला लागलो. शेजारच्या काकू दुपारपर्यंत आमच्याकडे येऊन बसायच्या, कांड्या भरायच्या आणि मुलीकडे बघायच्या. कांडी म्हणजे धोट्यात घालायची सुताची नळी. धोटा ती कांडी पोटात घेऊन मागावर इकडून तिकडे धावतो. रिकाम्या कांड्या मुलीची खेळणी होती.

इथं मला घरातल्या एका दिव्याबद्दल सांगायला हवं.

मागाच्या खोलीत माणसाचा आवाज चालत नाही. तिथं बोलणं हातानं होतं. तोंडाकडे हात नेला की जेवायला चला. तळवा उभा धरला की थांब. माझी आई होती तेव्हा स्वयंपाकघरात एक बटण होतं आणि त्याचा दिवा मागांच्या वर होता. भाकरी झाली की आई दिवा दोनदा उघडझाप करायची आणि आप्पा हात पुसत यायचे. आमच्या भागात अशी बटणं बऱ्याच घरांत आहेत. बायकोनं ते उलटं करून घेतलं. मुलगी झाल्यावर वायरमनला बोलावून तिनं मागाच्या खोलीत, आपल्या स्टुलाजवळ, एक बटण बसवून घेतलं. त्याचा दिवा मधल्या खोलीत, जिथं मुलगी असायची तिथं. साधा पिवळा बल्ब. एरवी तो चालूच असायचा, कारण त्या खोलीला खिडकी नाही.

मधल्या खोलीतून मागाच्या खोलीत जायला नुसती चौकट आहे. दार कधी बसवलं नव्हतं. मुलगी रांगायला लागली तेव्हा आप्पांनी उंबऱ्यावर एक रुंद फळी आडवी ठोकली. बायको मागावरून दिव्याची दोनदा उघडझाप करायची. मुलगी जिथं असेल तिथून रांगत फळीशी यायची आणि फळीला धरून उभी राहायची. आधी तिचे फक्त डोळे दिसायचे. बायको बघायची, पोरगी ठीक आहे, तोंडात काही नाही, कुठं लागलेलं नाही. मग तळवा उभा धरून हसायची. मुलगी पण फळीवरून एक तळवा वर करायची आणि खाली बसून परत खेळायला जायची. सुरुवातीला आप्पा तिला उचलून फळीशी आणत होते. पुढे आणावं लागलं नाही. मी सुट्टीच्या दिवशी मधल्या खोलीत वाचत बसलेला असायचो, दिवा उघडझाप व्हायचा आणि माझ्या पायांवरून ती निघून जायची. मी पानावरून डोळे वर करत नसे. आई मुलीला बघत होती, त्यात बघण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नव्हतं.

बायको गेल्यानंतर साधारण महिन्याभरानं, एका सुट्टीच्या दिवशी, मी तिथंच बसलो होतो. करंट कमी झाला. आमच्याकडे तो दिवसातून कितीदा तरी होतो. माग जरा मंद होतात, दिवा मिचमिचतो आणि परत नीट होतो. दिवा मिचमिचला तशी मुलीनं हातातली कांडी टाकली आणि ती फळीकडे रांगत गेली. उभी राहिली. मी तिच्या पाठीमागून बघत होतो. आता तिची हनुवटी फळीवर टेकत होती. आप्पांनी पलीकडच्या मागावरून हात वर केला. तिनं आप्पांकडे पाहिलं आणि मग स्टुलाकडे पाहिलं. बराच वेळ ती तिथंच उभी होती.

संध्याकाळी माग थांबल्यावर मी आप्पांना विचारलं.

"रोजच येतीया," आप्पा म्हणाले. "करंट हालला की येतीया."

"मला सांगितलं का नाही तुम्ही?"

"काय सांगू तुला? मी हात करतोय तिला. जाती परत." मग जरा थांबून म्हणाले, "लगीच न्हाय जात."

त्या दिवसापासून मला भीती वाटायला लागली. ती आधी एकच होती. फळीच्या पलीकडे चालू माग आहेत. धोटा मारणारा लाकडी दांडा आहे, पट्टे आहेत, दातेरी चाकं आहेत. आमच्या गल्लीत बोटं गेलेली माणसं आहेत. मुलगी फळीवरून चढेल, आणि चढेल ती दिवा मिचमिचल्यावर, तिकडे आई आहे असं समजून.

आणि मुलगी वाढत होती. लोकांना मूल वाढलं की आनंद होतो, मलाही व्हायला हवा होता. दात आले. मऊ भात नको म्हणून आप्पांच्या ताटातली भाकरी ओढायला लागली. जावळ काढल्यावर नवे केस आले ते दाट आणि सरळ, आईसारखे. एकदा दिवा मिचमिचला आणि रांगायच्या ऐवजी ती उठली, भिंत सोडली आणि चालत गेली. पहिली पावलं. काकू ओरडल्या, "अगं बया, चालली की!" आणि टाळ्या वाजवायला लागल्या. मी दारात चप्पल घालत होतो. ती फळीशी पोहोचली, तिची छाती फळीला लागली आणि मला दिसलं की आता हनुवटी फळीच्या बरीच वर आहे.

मी आप्पांना म्हणालो, अजून एक फळी ठोकू या. आप्पांनी ठोकली. काही दिवस मला बरं वाटलं.

बायकोनं मुलीसाठी खडेबाजारातून एक फ्रॉक आणून ठेवला होता, हिरवा, खिशांचा. मापापेक्षा बराच मोठा. तेव्हा मी म्हणालो होतो, हा कशाला एवढ्यात? ती म्हणाली, "पोरगी काय अशीच राहणार आहे? तुम्हाला काय माहीत, पुस्तकं तर वाढत नाहीत तुमची." तो फ्रॉक कपाटात होता. मी तो राखून ठेवला होता. पुढं कधीतरी, सावकाश, असा. एका सणाला काकूंनी तो काढून घातला तर तो बरोबर बसला. मला वाटलेल्या वेळेच्या कितीतरी आधी. पावसाळा संपता संपता तो काखेत काचायला लागला. काकूंनी शिवण उसवून थोडा सैल केला. मग तेही पुरेना. तिच्या आईनं निवडलेलं असं अंगावर घालण्याजोगं त्यानंतर काही उरलं नाही. पुढचे सगळे कपडे आम्ही घेतलेले.

तिथं दुसरी भीती सुरू झाली. ही मुलगी अशीच भराभर वाढली तर आई तिच्यातून निघून जाईल. चेहरा तर गेलाच असणार. फोटोतल्या बाईला ती "आई" म्हणायची, पण आम्ही बोट दाखवून शिकवलं म्हणून. फोटोकडे बघून ती कधी उठली नाही. उठायची ती दिव्याला. तिच्याकडे आईचं स्वतःचं असं एवढंच राहिलं होतं, आणि ते तिला मागांकडे नेत होतं.

लायब्ररीत असताना वरच्या ट्यूबलाईटी मिचमिचल्या की मी हातातलं पुस्तक खाली ठेवायचो. कॉलेजची लाईन वेगळी, खासबागेची वेगळी, हे मला कळत होतं. तरी मी आप्पांना फोन लावायचो. मागांच्या आवाजात आप्पांना फोन ऐकू येत नाही. हेही मला कळत होतं. रिंग वाजत राहायची. समोर मुलं पुस्तकं घेऊन उभी असायची. एकदा मी काउंटर तसाच सोडून स्कूटर काढली आणि घरी आलो. मुलगी मधल्या खोलीत पालथी पडून झोपली होती. काकूंनी कांड्यांवरून मान वर केली. "काय विसरलात?" मी पाणी प्यायलो आणि परत गेलो.

दिवाळी झाल्यावर निपाणीहून सासूबाई आल्या. मी त्यांना मामी म्हणतो. पिशवीतून शेंगा, गूळ, नातीसाठी स्वेटर, एकेक काढत त्या मधल्या खोलीत बसल्या आणि माग चालू असल्यामुळे ओरडून बोलायला लागल्या. "अहो, ह्या खडखडाटात पोरगी भैरी हुईल माझी!"

आप्पा नेमके चहाला बाहेर आले होते. "आमी सगळी हितंच जल्मलो विहीणबाई. भैरी झालो का?"

"काय म्हणला?"

"बगा, तुमालाच ऐकू येत न्हाय."

सासूबाई हसल्या. लेक गेल्यानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. तेवढ्यात दिवा मिचमिचला. मुलगी त्यांच्या मांडीवरून उतरली आणि चालू लागली.

"कुठं निघाली गं बाय माझी?"

ती फळीशी जाऊन उभी राहिली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग आप्पांकडे. आप्पांनी चहाची कपबशी खाली ठेवली आणि सांगितलं. बटण, स्टूल, तळवा, सगळं. आप्पा इतकं सलग कधी बोलत नाहीत. सासूबाई उठल्या, नातीच्या शेजारी जाऊन फळीला धरून उभ्या राहिल्या आणि रिकाम्या स्टुलाकडे बघत राहिल्या. दोघींच्या पाठी मला दिसत होत्या.

जाताना त्या मला म्हणाल्या, "मी न्हेते हिला निपाणीला. हितं ही अशीच रोज वाट बगत ऱ्हाणार."

"थोडी मोठी होऊ दे, मामी. मग बघू."

"मोठी झाली की इसरंल ती." त्यांनी चपलेत पाय घातला. "आनि तेच तुमास्नी नको हाय."

त्या रागानं म्हणाल्या नव्हत्या. रिक्षात बसताना त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मला तरी कुठं पायजे हाय?"

बल्ब काढून टाकायचा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. ट्यूब लावायची, बटणाची वायर तोडायची, झालं. एका रविवारी माग बंद असताना मी पाटावर पाट ठेवून चढलो. बल्ब गरम होता, म्हणून फडकं घेतलं. मुलगी खाली उभी राहून वर बघत होती. आप्पा दाराशी होते.

"काढतोस?"

"काढू का?"

"मला इचारू नको," आप्पा म्हणाले. "मला इचारलंस तर मी न्हाय म्हणीन, आनि उद्या पोरीला काय झालं तर त्ये माझ्यावर."

मी बल्बवरची धूळ पुसली आणि खाली उतरलो. तसले पिवळे बल्ब आता सगळीकडे मिळत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी शहापूरच्या एका जुन्या दुकानातून, त्याच्याकडे असलेले सगळे, घेऊन आलो. घाबरलेला माणूस काय करील सांगता येत नाही. ज्या दिव्याची मला भीती होती तो जाऊ नये म्हणून मी पेटी भरून ठेवली.

उन्हाळ्यात कॉलेजला सुट्टी लागली. काकू त्यांच्या भावाकडे गेल्या होत्या. जेवणाआधीची वेळ. माग चालू होते. मुलगी मधल्या खोलीत कांड्या रचत बसली होती आणि मी स्वयंपाकघरात तिच्यासाठी रवा भाजत होतो. स्वयंपाकघरातून मधल्या खोलीतला दिवा दिसतो, जमीन दिसत नाही.

दिवा विझला, लागला. परत विझला, लागला.

करंट हालतो तेव्हा दिवा असा होत नाही. तो पिवळा पडतो, थरथरतो, सावकाश वर येतो. हे तसं नव्हतं. हे बटण होतं. दोनदा, मध्ये एका श्वासाएवढं अंतर ठेवून. घरात असं करणारं कोणी नव्हतं. आप्पा ते बटण कधी लावत नसत.

माझ्या हातातलं उलथणं कढईत राहिलं. मी गॅस बंद केला की नाही ते मला आठवत नाही. क्षणभर, मी शिकलेला माणूस, मला वाटलं की ती आली आहे. मी मधल्या खोलीत आलो. खोलीत मुलगी नव्हती. फळीशी पाट होता, पाटावर दुसरा पाट होता आणि त्यावर उशी होती.

मी फळीशी गेलो.

माग चालू होते. आप्पा पलीकडच्या मागावर वाकून, पाठ करून, धागा जोडत होते. अलीकडचा माग आणि भिंत यांच्यामध्ये बायकोचं स्टूल आहे. त्या स्टुलावर मुलगी उभी होती. एक हात भिंतीवरच्या बटणावर. तिच्या कोपरापासून हातभर अंतरावर मागाचा दांडा मागेपुढे आदळत होता. दर फेऱ्याला तिचं झबलं हलत होतं. ती फळीकडे बघत होती.

मी ओरडलो असतो तर ऐकू गेलं नसतं. धावलो असतो तर ती दचकली असती, आणि स्टुलावर दचकायला जागा नव्हती. मी हात वर केला. तळवा उभा धरला. मी तो कसा धरला मला माहीत नाही. माझा चेहरा काय करत होता कोण जाणे. तिनं मला नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत, जशी तिची आई तिला बघायची. मग बटणावरचा हात काढून तिनंही तळवा उभा धरला आणि ती हसली.

मी फळ्यांवरून पाय टाकला. भिंतीला घासत गेलो. तिला काखेत धरून उचललं तेव्हा कळलं की ती किती जड झाली आहे. आप्पांनी वळून पाहिलं. त्यांनी हातातलं सूत टाकलं, एक माग थांबवला, मग दुसरा. आवाज गेला. शेजाऱ्यांचे माग तेवढे लांबून ऐकू येत होते.

"कशी आली ही? कुठनं आली?" आप्पा ओरडले. माग थांबले आहेत हे त्यांच्या आवाजाला अजून कळलं नव्हतं.

आमच्याकडची मुलं मोठ्यानं बोलतात. तिनं शांत खोलीत मोठ्यानं सांगितलं, "आज्जा, बटन दाबलं. बाबा आला."

आप्पा स्टुलावर बसले. त्या स्टुलावर बायको गेल्यापासून कोणी बसलं नव्हतं. आप्पांच्याही ते लक्षात आलं नसावं. ती माझ्या कडेवरून आप्पांकडे वाकून परत म्हणाली, "बाबा आला." तिला ते फार महत्त्वाचं वाटत होतं.

ते बटण तिनं कोणासाठी दाबलं, हे मी तिला विचारलं नाही. विचारून कळलंही नसतं. आई येते का बघायला दाबलं असेल आणि मी आलो असेन. किंवा मलाच बोलावलं असेल. आधी मला पहिलं खरं वाटायचं. अलीकडे, तिचं बोलणं चालणं बघून, दुसरं खरं वाटतं. कोणतं खरं असावं अशी माझी इच्छा आहे, हे मला ठरवता आलेलं नाही.

रवा कढईत काळा झाला होता. घरभर वास होता. तिनं त्या दिवशी आप्पांच्या ताटातली भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी पहारीनं दोन्ही फळ्या काढल्या. "आता ह्यांचा काय उपयोग," म्हणाले. "चढायला आलंय तिला. आता दार लावायचं आनि तिला शिकवायचं." सुतार येऊन दार बसवून गेला, वर कडी. संध्याकाळी माग बंद झाले की आप्पा दार उघडतात आणि तिचा हात धरून तिला आत नेतात. इथं उभं राहायचं. इथं न्हाय. हे चावतंय. कुठं हात लावायचा नाही ते ती आता आप्पांनाच सांगते आणि आप्पा मुद्दाम चुकतात. "आज्जा, चावतंय ते!" असं ओरडून ती त्यांचा हात ओढते.

त्या दिवसानंतर दिवा मिचमिचला की ती उठत नाही. पहिल्यांदा हे माझ्या लक्षात आलं तेव्हा ती रंगीत खडूनं फरशीवर काहीतरी काढत होती. दिवा पिवळा पडला, थरथरला, परत लागला. मी तिच्याकडे पाहत होतो. तिनं मान वर केली नाही. "करंट," ती म्हणाली, काकू म्हणतात तशी, वैतागून. दिवा बटणानं लागतो आणि बटण कोणीतरी दाबावं लागतं, हे तिला समजलं होतं. मी उठून बाहेरच्या पायरीवर जाऊन बसलो.

मला हेच हवं होतं. ती मागांकडे जाऊ नये म्हणूनच मी इतके दिवस जीव मुठीत धरून होतो. आता ती जात नाही.

सासूबाईंना फोनवर मी सांगितलं. त्यांनी परत एकदा सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं झालं." मग म्हणाल्या, "शेंगा पाठवू का?"

आता ती अंगणवाडीला जाते. तिथं कन्नड बोलतात. घरी आली की पाट ओढते आणि मला दटावून म्हणते, "बा, कुंद्रु." ये, बस. मी बसतो. तिच्या आईला हे दोन शब्द ऐकून हसू आलं असतं. तिला निपाणीकडे असताना कन्नड यायचं नाही, इथं येऊन बाजारात शिकली होती.

हिरवा फ्रॉक काकूंच्या नातीला दिला. पिवळ्या बल्बांची पेटी माळ्यावर आहे, त्यातले दोन वापरून झाले. मधल्या खोलीत दिवा आहे, मागाच्या खोलीत बटण आहे आणि मध्ये दार आहे. दिवा मिचमिचला की मुलगी खेळत राहते. मी दाराकडे बघतो.